फिर्यादी कादंबरी, आरोपी चित्रपट

रुसून घराबाहेर पडलेला सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि त्याची समजूत काढण्याकरिता गौरीने मुद्दाम निर्माण केलेली साहित्यविद्या नामक वधू, या उभयतांनी पूर्वदेश, पांचाल, अवंती अशी लांबलचक मुशाफिरी करून अखेर ज्या नगरीत विवाह केला ती नगरी विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजेच आमचे वाशीम होय, असे राजशेखराने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसे’त नमूद करून ठेवले आहे. हा विवाह गांधर्व पद्धतीने झाला. म्हणजे मांडव नाही, पत्रिका नाही, आहेर नाही, आणि मुख्य म्हणजे मानपान नाही. सबब व्याह्यांनी रुसण्याची आणि गावकऱ्यांनी दोन्ही बाजूंना सल्ला देण्याची जी स्वाभाविक संधी प्रत्येक लग्नात उपलब्ध होते, ती त्या वेळच्या वाशीमकरांना मुळीच लाभली नाही. हे राहून गेलेले कार्य त्यांचे वंशज सांप्रत व्याजासह पुरे करीत असून, साहित्याची सोयरीक चित्रपटाशी झाल्याची खबर लागली रे लागली, की वधूपक्षाचा अपमान कोठेकोठे झाला याची यादी करावयास ते बसतात.

त्यातही मोठ्या माणसांच्या कादंबरीवर चित्रपट निघाला तर फारसा कलह माजत नाही, कारण ती कादंबरी मोठ्या माणसांनी बहुधा वाचलेली नसते. परंतु वयाच्या तेराव्या आणि अठराव्या वर्षांच्या दरम्यान जी पुस्तके भूगोलाच्या पुस्तकात दडवून, परीक्षेच्या आदल्या रात्री, घरातील वडीलधाऱ्यांच्या पावलांचा कानोसा घेत वाचली जातात, ती पुस्तके पुढे माणूस कारकून झाला, अडत्या झाला किंवा हेडमास्तर होऊन निवृत्त झाला तरी त्याच्या खाजगी मालमत्तेत मोडतात, आणि त्यांवर कोणी चित्रपट काढला म्हणजे आपल्या परसात परवानगीवाचून विहीर खणली गेल्यासारखे त्याला वाटू लागते.

वाशीम हा मुळात हक्कांविषयी दक्ष राहण्यास शिकलेला मुलूख आहे. इंग्रजी अमदानीत तो एकदा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यास जोडण्यात आला. आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके पदरात घालून त्याचे जिल्हापण त्यास परत करण्यात आले. मधली त्र्याण्णव वर्षे ज्या लोकांनी प्रत्येक दाखल्याकरिता अकोल्याची वारी केली, ते लोक ‘पुस्तकाला न्याय मिळाला काय?’ असा सवाल करतात तेव्हा तो अलंकारिक असतो असे समजण्याचे कारण नाही. त्यांना निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हवी असते.

या खटल्यांची सुनावणी ज्या वाचनालयाच्या ओसरीवर चालते तेथे मीही संध्याकाळचा बसतो. पक्षकारांची प्रथम ओळख करून दिली पाहिजे. चांगला मराठी चित्रपट आमच्या गावी लागलाच तर तो अशा अडनिड्या वेळी लागतो, की पाहण्याचा बेत पक्का होईपर्यंत त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. मग आगगाडीने अकोल्यास जावे, नाही तर दूरचित्रवाणीवर तो येण्याची वाट पाहावी, आणि अलीकडे नातवंडांचे मन वळवून मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तो पाहून घ्यावा, असे तीनच मार्ग उरतात. परिणामी ओसरीवर कादंबरी वाचून चित्रपट न पाहिलेले, चित्रपट पाहून कादंबरी न वाचलेले, आणि या दोन्ही उपद्व्यापांपासून अलिप्त राहिलेले असे तीन पक्ष पडतात. तिसऱ्या पक्षाचे धुरीण म्हणजे दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले एक नाझर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जप्त्या केलेल्या या गृहस्थांनी अध्यक्षपद आपण होऊन घेतले असून, त्यास कोणी हरकत घेतली असता त्यांचा एकच जबाब ठरलेला असतो : “वाचलं नाई अन् पाह्यलंबी नाई, म्हणून तं मी पंच! ज्यायनं वाचलं थे सगळे फितूर.”

सर्वांत जुना, आणि अद्याप निकाली न निघालेला, दावा ‘शाळे’चा. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ साली मौजेने प्रसिद्ध केली. नववीच्या वर्गातील मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्रे, फावड्या हे सोबती, नुसत्या आडनावाने ओळखली जाणारी शिरोडकर, आणि या साऱ्यांच्या डोक्यावरून शांतपणे सरकत गेलेले आणीबाणीचे वर्ष. सुजय डहाके यांचा तीवरील चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये आला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांनी त्यात प्रमुख कामे केली. त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा. त्याच्याही आधी याच कादंबरीवरून ‘गमभन’ हे नाटक आणि एक हिंदी चित्रपट झाला होता; परंतु ते दोन्ही आमच्यापैकी कोणाच्याच दृष्टीस न पडल्यामुळे त्यांच्याविरुद्ध येथे कोणतीही तक्रार दाखल नाही, आणि निर्दोष सुटण्याचा इतका सोपा मार्ग अन्य दिग्दर्शकांच्या ध्यानात कसा येत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

वाचनालयाच्या प्रतीचे वर्णन केल्याशिवाय या दाव्याचे स्वरूप ध्यानी येणार नाही. तिची पाठ दोनदा चिकटवलेली असून मुखपृष्ठास खाकी कागदाचे कव्हर आहे. शेवटच्या पानावरील तारखांचे शिक्के इतके दाट पडले आहेत, की ग्रंथपालबाईंना दुसरी चिठ्ठी पहिलीवर डकवावी लागली. परंतु खरा ऐवज आहे तो समासात. कोणा एका आद्य वाचकाने पेन्सिलीने ‘हेच खरे प्रेम’ असे लिहिले आहे. त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘गाढवा, दहावीचा अभ्यास कर’ असा शेरा आहे. त्याखाली ‘झालो पास, ५४ टक्के’ असे आद्य वाचकाचेच उत्तर आहे, यावरून पुस्तक त्याने पुन्हा नेले होते हे सिद्ध होते. २०१२ नंतर या टिपांत एक नवी, निळ्या शाईची, तापट हस्ताक्षराची भर पडली. या अज्ञात लेखापरीक्षकाने पानोपान ‘सिनेमात नाही’, ‘सिनेमात नाही’, ‘सिनेमात आहे पण नीट नाही’ असे ताळे घातलेले असून, एका ठिकाणी ‘हे सिनेमात बरे आहे’ असे लिहून, आपला कोणी साक्षीदार करील या भयाने की काय, ते पुन्हा गिरवून खोडले आहे.

ओसरीवरील मुख्य फिर्यादी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कादंबरी ज्या वर्षी घडते त्या वर्षी ते स्वतः नववीत होते, त्यामुळे ते स्वतःला नुसते वाचक समजत नाहीत. घटनेचे प्रत्यक्षदर्शी समजतात. कादंबरीतील डोंबिवलीच्या बाजूचे गाव आणि वऱ्हाडातील आपले गाव यांत शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे ही बाब ते किरकोळ मानतात. त्यांच्या तक्रारअर्जात बरीच कलमे आहेत. मुकुंदच्या नरूमामाला आणखी वेळ द्यावयास हवा होता. आणीबाणी घाईत उरकली. वर्गातील बाके जितकी खरवडलेली असावयास हवीत तितकी नव्हती. परंतु ज्या कलमावर ते कोणत्याही तडजोडीस राजी नाहीत ते कलम असे, की शिरोडकरच्या वेण्यांच्या फिती निळ्या असावयास हव्या होत्या.

“सर, पान क्रमांक सांगता?” ग्रंथपालबाईंनी विचारले.

“पान कशाला? मला स्पष्ट आठवते.”

“पुस्तकातलं आठवते का सर?”

यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि शिक्षणाचा दर्जा कसा खालावत चालला आहे या विषयाकडे मोर्चा वळवला.

मंगरूळपीरहून रोज जाऊन-येऊन करणाऱ्या एका शिक्षिकेचे म्हणणे वेगळे. परांजपेबाईंच्या भूमिकेत अमृता खानविलकरांना उभे केल्यापासून राज्यातील समस्त शिक्षिकांकडून विद्यार्थ्यांच्या अपेक्षा अवास्तव वाढल्या असून, सकाळची साडेसहाची एसटी पकडून शाळा गाठणाऱ्या बाईला त्या पुऱ्या करणे शक्य नाही, असे त्यांनी शांतपणे मांडले. आणि बाजार समितीत अडतीचे दुकान चालवणाऱ्या सद्गृहस्थांनी तर हिशेबाचाच मुद्दा काढला. “तीनशे पानाचं बुक, अन् पिच्चर पुरे दोन घंटेबी नाई? सोयाबीनमंदी आमी एवढा कडता कापला तं शेतकरी काटा उचलून डोक्शात घालन!”

या गृहस्थांचा हिशेब वरवर हास्यास्पद वाटला तरी खोटा नाही. जोश्याच्या मनात जे अखंड चाललेले असते, एकाच प्रसंगाचे शंभर अर्थ लावणे, तिने मान वळवली ती आपल्यासाठी की पंख्याच्या वाऱ्यासाठी याची तीन पाने चालणारी चौकशी, घरी आल्यावर मोठ्यांच्या बोलण्याचा मनातल्या मनात काढलेला वचपा, हे कागदावर फुकट होते. पडद्यावर मनाचे छायाचित्र घेता येत नाही; तेथे मुलगा खिडकीशी उभा करावा लागतो, आणि खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून तो प्रेमात पडला आहे की त्याला भूक लागली आहे हे प्रेक्षकास आपल्या जबाबदारीवर ठरवावे लागते. दिग्दर्शकाने त्यातून शक्य तितका माल शाबूत आणला, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि ते ओसरीवर बोलून दाखविल्यापासून मला चहाची पाळी लवकर येऊ लागली आहे.

तथापि, कडत्याने या संतापाचा उलगडा पुरता होत नाही. कितीही पाने पडद्यावर आणली असती तरी सरांच्या फितींचा प्रश्न सुटला नसता. कादंबरीकार मोठा धोरणी असतो. तो नायिकेचे वर्णन करताना दोन-चार वाक्ये खर्चून बाकीची जागा मोकळी ठेवतो, आणि ती जागा मोकळी दिसताच वाचक तेथे आपल्या वर्गातील, तिसऱ्या बाकावरची, जिच्याशी तो वर्षभरात ‘पट्टी देतेस का?’ याखेरीज एक अक्षरही बोललेला नसतो, अशी मुलगी आणून बसवतो. तिच्यामागे आपलीच शाळा उभी करतो, आपलेच गुरुजी नेमतो, आपलाच पाऊस पाडतो. हा चित्रपट बिनखर्चाचा असतो, त्यास परिनिरीक्षणाचा दाखला लागत नाही, आणि त्याचा एकमेव प्रेक्षक प्रत्येक खेळाला टाळ्या वाजवतो. आठ-दहा वर्षे तो विनातक्रार चालल्यानंतर एके दिवशी कोणी निर्माता मुंबईहून येतो, लेखकाकडून रीतसर हक्क विकत घेतो आणि त्याच जागेवर दुसरी मुलगी बसवतो. आमच्याकडे १९५८ सालचा विदर्भाचा कूळकायदा ज्यांच्या घरात शिरून गेला आहे त्यांना ही भानगड चटकन उमजते. सातबारा लेखकाचा असेल, खरेदीखत निर्मात्याच्या नावे असेल, परंतु वहिवाट वाचकाची आहे, नांगर त्याने धरला आहे, आणि कब्जा सोडण्याची त्याची तयारी नाही.

नाझरसाहेबांसमोर मी हा युक्तिवाद मांडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारले, “कुळानं खंड भरला का?” वाचनालयाची वार्षिक वर्गणी दोघा-तिघांकडे थकलेली असल्यामुळे तेवढ्यावर त्या दिवसाचे कामकाज तहकूब झाले.

कज्जे अर्थात एकट्या ‘शाळे’चे नाहीत. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ घ्या. एकेकाळी तिच्या प्रती वसतिगृहांतून अशा फिरत, की मूळ मालक कोण हे अखेरपर्यंत कळत नसे. संजय जाधव यांनी तीवर चित्रपट काढला तो २०१३ साली, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर दहा वर्षांनी. मूळ फिर्यादीच हयात नसल्यामुळे त्याच्या वतीने लढण्याचा अधिकार आपल्याला वारसाहक्काने प्राप्त झाला आहे असे तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने गृहीत धरले. मुख्य आक्षेप नायकांच्या वयाचा होता. पस्तिशी-चाळिशीतील दोन नामांकित नट महाविद्यालयीन युवक म्हणून कट्ट्यावर बसलेले पाहून एका गृहस्थाने, या वयात ही पोरे अजून पहिल्या वर्षालाच आहेत काय, अशी पृच्छा केली. परंतु आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांची खडान्खडा माहिती असलेल्या दुसऱ्याने, विद्यार्थी-प्रतिनिधी म्हणून याहून ज्येष्ठ मंडळी आपण स्वतः पाहिली आहेत, असे सांगून आरोपीस जामीन मिळवून दिला. चित्रपट मात्र धो-धो चालला, आणि तो चालल्यावर वाचनालयात कादंबरीस पुन्हा नंबर लागले. ही गोष्ट फिर्यादी पक्ष कागदोपत्री येऊ देत नाही.

फास्टर फेणेची गत निराळी. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून येई आणि जिभेने ट्टॉक् करी; दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला तेव्हा आमच्या पिढीने ट्टॉक् करून करून टाळू सोलवटून घेतली होती. २०१७ साली आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात तो अमेय वाघच्या रूपाने वाढूनच आला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसला आणि त्या परीक्षेतील लबाडी त्याने उघडकीस आणली. आणि भागवत स्वतः दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने त्याच गोष्टीत येऊन बसले, ही तर सुरेख युक्ती झाली. जुन्या वाचकांना त्याचे वाढणे मान्य नव्हते. मी त्यांना म्हटले, तुम्ही वाढलात, तुमची पोटे वाढली, त्याने काय अपराध केला? पण येथील पालकांची तक्रार अगदीच अनपेक्षित बाजूने आली. ज्या जिल्ह्यातील बारावीची मुले शिकवणीकरिता अकोला, लातूर, नांदेड अशी विखुरलेली असतात तेथे परीक्षेतील लबाडीचे रहस्य कोणास रहस्य वाटेना. मध्यंतरात एका पित्याने गंभीरपणे एवढेच विचारले, की हा फेणे नेमका कोणत्या शिकवणीला होता.

हेडमास्तरांची नात नववीत आहे, आणि तिच्यापुढे आमचे सारे दावे फुसके ठरतात. तिने हॅरी पॉटरचे सातही खंड मराठीत वाचले असून आठही चित्रपट हिंदी आवाजात पाहिले आहेत, आणि मूळ इंग्रजीशी तिचा सुतराम संबंध आलेला नसताना मूळ इंग्रजी लेखिकेच्या हक्कांचे ती डोळ्यांत तेल घालून रक्षण करीत असते. पुस्तकात हॅरीचे डोळे आईसारखे हिरवे आहेत, पडद्यावर ते निळे आहेत. पीव्ह्ज नावाचे उपद्व्यापी भूत चित्रपटात औषधालाही नाही. आणि चौथ्या भागात डम्बलडोर हॅरीला जो प्रश्न पुस्तकात शांतपणे विचारतात तो चित्रपटात त्याला धरून ओरडून विचारतात.

“आबाजी, शांतपणे म्हणजे शांतपणे!” ती म्हणाली. “तुमीच तं सांगता नं, धड्यात लिवलं तेच लिहा म्हणून.”

“बेटा, डोळ्यांचा रंग ही किरकोळ गोष्ट आहे. आशय पाहावा.”

“मंग फितीचा रंग?”

नाझरसाहेबांनी या उलटतपासणीची खास नोंद घेतली. मला स्वतःला त्या मुलीचे एक आवडते. ती चित्रपटाला नावे ठेवते आणि लगेच तोच चित्रपट पुन्हा लावते. तिच्या लेखी तक्रार हा प्रेमाचा हप्ता आहे; ज्या चित्रपटाविषयी तिला काहीच म्हणावयाचे नसते तो तिने अर्ध्यात बंद केलेला असतो.

एके दिवशी या सर्व मंडळींस चकित करावे म्हणून मी माझ्याजवळील हुकमाचा दस्तऐवज बाहेर काढला. चौथ्या शतकात या वाशीमचा, म्हणजे वत्सगुल्मचा, राजा सर्वसेन होता. वाकाटकांच्या या शाखेचा तो मूळपुरुष. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले, आणि त्याची कथा त्याची स्वतःची नव्हती. सत्यभामेचा रुसवा काढण्याकरिता कृष्णाने इंद्राच्या बागेतून पारिजात आणल्याची पुराणातील जुनी, सर्वांस पाठ असलेली कथा त्याने घेतली आणि आपल्याला पाहिजे तशी फिरवली. म्हणजे रूपांतर! आता मूळ पुराणाचे वाचक खवळले असतील की नाही? परंतु पाच शतकांनी काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिताना स्पष्ट निवाडा दिला, की मूळ कथेतील जो भाग रसाला प्रतिकूल असेल तो कवीने टाकून द्यावा आणि रसाला अनुकूल असे नवे प्रसंग खुशाल कल्पून घालावेत. आणि या निवाड्याच्या पुष्ट्यर्थ त्याने उदाहरणे कोणाची दिली? कालिदासाची, स्वतःची, आणि या दोहोंच्या मध्ये आमच्या वाशीमच्या राजाची. मूळ पुस्तकाशी इमान न राखता त्यास न्याय कसा द्यावा याचा देशभर दाखवला गेलेला वस्तुपाठ ज्या गावात लिहिला गेला, त्या गावाने फितींवरून खटले चालवावेत हे बरे नव्हे, असा मी समारोप केला.

सभेवर काही काळ परिणाम झालेला दिसला.

“राजानं हक्क इकत घेतले होते काय?” नाझरसाहेबांनी विचारले.

“पुराणाचे हक्क कोणाकडून घेणार?”

“मंग थ्याले काय जाते बदल कराले! फुकटच्या जमिनीत कोनीबी तूर पेरन.”

“अन् थो पिच्चर,” अडत्यांनी विचारले, “मंजे थे काव्य, कुठी पाहाले भेटन?”

ते कोठेच मिळत नाही, हे मला कबूल करणे भाग पडले. ‘हरिविजय’ समग्र नष्ट झाले. इतरांनी उद्धृत केलेले काही तुकडे आणि पंडितांनी केलेली स्तुती एवढेच शिल्लक राहिले. मूळ पुराण शाबूत आहे, रूपांतर हरवले आहे, आणि हाती फक्त परीक्षणे आहेत. ही वार्ता ऐकून हेडमास्तरांचा चेहरा उजळला. जे रूपांतर कोणीच पाहिलेले नाही त्याची स्तुती करावयास परीक्षक नेहमीच मोकळे असतात, असे ते म्हणाले, आणि मला उत्तर सुचले नाही.

परंतु आनंदवर्धनाने घातलेली अट मात्र मी सोडावयास तयार नाही. बदल रसाकरिता करावा, असे तो म्हणतो. गल्ल्याकरिता करावा असे त्याने कोठेही लिहिलेले नाही. या एका कसोटीवर अर्धेअधिक खटले उभ्या उभ्या निकालात निघतात. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला तेव्हा साने गुरुजींच्या बेचाळीस रात्रींतील किती रात्री गळाल्या याची मोजदाद कोणी केली नाही, कारण वनमालाबाई आणि छोटा माधव वझे पडद्यावर असताना लोकांना डोळे पुसण्यातून हिशेबास सवड मिळत नव्हती. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटास मिळाले तेही कोणास वावगे वाटले नाही. उलट गावरान विनोदी सोबती, परदेशातील गाणे आणि शेवटी लग्नाचा मांडव, हे तीन जिन्नस मूळ पुस्तकात नसताना जेथे शिरतात तेथे रसाचे कारण सांगणारा माणूस बहुधा तिकीटबारीकडे पाहत बोलत असतो.

अत्र्यांच्या चित्रपटाचे नशीब पाहा. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२३ साली, ‘शाळे’च्याच डहाक्यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, आणि काळा-पांढराच केला. ओसरीवर लगोलग नवा दावा दाखल झाला, की मुळाला न्याय मिळाला नाही. मी पुस्तक आणून पुढे ठेवले. तेव्हा असे निष्पन्न झाले, की ‘मूळ’ म्हणजे फिर्यादी मंडळींना पुस्तक अभिप्रेतच नव्हते; त्यांना अत्र्यांचा चित्रपट अभिप्रेत होता. एका रूपांतराने सत्तर वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने मुळाचा दर्जा मिळवला होता, आणि गुरुजींचे पुस्तक बिचारे त्रयस्थ पक्षकार म्हणून दाराबाहेर उभे होते. त्या न्यायाने आणखी पन्नास वर्षांनी कोणी ‘शाळा’ तिसऱ्यांदा काढील तेव्हा, केतकी माटेगावकरांची सर नव्या मुलीला नाही म्हणून हळहळणारे म्हातारे याच ओसरीवर बसलेले असतील. त्यांत हेडमास्तरांची नात असेल असे मी तिला सांगितले. तेव्हा आपण म्हातारे होणार ही कल्पनाच तिला मूळ संहितेस सोडून वाटली.

मागच्या महिन्यात सरांच्या घरी चहाला गेलो होतो. नाझरसाहेब होते, नात होती. दूरचित्रवाणीवर ‘शाळा’ लागला होता आणि सर सोफ्याच्या कडेवर बसून एकेक कलम पुन्हा वाचून दाखवीत होते. शिरोडकर पडद्यावर येताच त्यांनी बोट वर केले.

“पाहा! आता तुम्हीच पाहा. निळ्या फिती असत्या तर या दृश्याला काय उठाव आला असता!”

“आबाजी, पण पुस्तकात कुठी हायेत निळ्या?” नातीने विचारले.

उत्तर माजघरातून आले. आजी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी त्या एकेकाच्या हातात दिल्या.

“पुस्तकात कायले राह्यतीन माय, थे तं ह्यायच्या वर्गात होती. रिसोडले देली तिले. मागच्या साली लग्नात भेटली, चार नातू हायेत, अन् दोन्ही गुडघे बदलून घेतले. अन् थ्या फिती निळ्या नव्हत्या काही. हिरव्या होत्या. मी तिच्याच बाकावर बसत होती, मले नाई ठाऊक?”

नाझरसाहेबांनी पोह्यांवर लिंबू पिळले आणि फिर्यादी पक्षाची साक्ष संपल्याचे जाहीर केले.